राजाने दिलेले स्वराज्य आणि तराळाच्या मुलाची साक्ष

मिरजेहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला किर्लोस्करवाडी, कऱ्हाड, मसूर, रहिमतपूर ही स्थानके ओळीने लागतात. यांपैकी मसूर आणि रहिमतपूर या दोन स्थानकांशी दोन अगदी भिन्न आठवणी जोडलेल्या आहेत. १९०१ च्या उन्हाळ्यात बाल भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून मसूरला उतरले. खटाव तालुक्यातील वडिलांच्या नोकरीच्या गावी त्यांना जायचे होते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसेना, मुलांनीच गाडी हाकावी आणि त्याने पायी चालावे असे ठरले. आणि सोबत शिदोरी असूनही पाण्यावाचून मुलांना रात्र उपाशी काढावी लागली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. रहिमतपूर हे औंधला जाणाऱ्यांचे उतरण्याचे स्थानक. औंधही त्याच खटाव तालुक्याच्या मुलखातले. तेथील राजाने १९३९ साली आपली सत्ता स्वखुशीने प्रजेच्या हाती दिली, अशी त्या गावाची ख्याती आहे.

एकाच मुलखातील या दोन आठवणींमध्ये अडतीस वर्षांचे अंतर आहे. या अंतरात त्या मुलखातील गाडीवान बदलला काय, पाणवठा बदलला काय, हा प्रश्न औंधच्या प्रयोगाचा गौरव करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. तो पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचारणार आहोत. औंधच्या राजाची निंदा करणे हा आमचा हेतू नाही. सुधारक राजांची चरित्रे कशी लिहिली जातात आणि आपण ती कशी वाचावीत, एवढाच आमचा विषय आहे.

१. औंधचा प्रयोग

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान होते. ७२ गावे, पाऊण लाखाच्या आसपास लोकवस्ती, आणि मुलूखही सलग नव्हता. औंध एका बाजूला, माणदेशातील आटपाडी दुसऱ्या बाजूला, कुंडल तिसरीकडे. राजा मात्र अनेक अंगांनी असामान्य होता. तो स्वतः चित्रकार होता. सूर्यनमस्कारांचा प्रचार त्याने आयुष्यभर केला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्याचा मोठा आर्थिक आधार होता. औंधचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय ही त्याचीच निर्मिती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ माळरानाची जमीन मिळाली तीही औंधकरांकडूनच. १९३५ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१९३८ च्या अखेरीस या राजाने प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन हे मसुद्यासाठी गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. गांधीजींच्या मार्गदर्शनाने मसुदा सिद्ध झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये तो अमलात आला. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींमधून तालुक्याची सभा व्हावी, आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ बनावे, अशी ही रचना होती. राजाने स्वतःकडे प्रजेच्या पहिल्या सेवकाची भूमिका घेतली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच वातावरणात उभी राहिली. तिच्याच प्रेरणेने व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीतील कार्यकर्त्यांना औंधच्या मुलखाचा आसरा मिळाला, हेही खरे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि नऊ वर्षांचा हा प्रयोग संपला.

या प्रयोगावर जे लेखन झाले त्यात दोन पुस्तकांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. इंदिरा रोथरमंड यांचा 'द औंध एक्सपेरिमेंट' हा अभ्यासग्रंथ १९८३ चा, आणि खुद्द अप्पासाहेब पंतांचे 'अॅन अनयुज्वल राजा' हे पुस्तक १९८९ चे. पहिल्या ग्रंथाची दृष्टी अभ्यासकाची, दुसऱ्याची पुत्राची आणि सहकाऱ्याची. दोहोंचे मोल आम्हाला मान्य आहे. परंतु या लेखनातून आणि त्याच्या आधारे निघालेल्या असंख्य गौरवलेखांतून जे चित्र सामान्य वाचकाच्या मनावर ठसते ते असे : एक उदार राजा, एक महात्मा, एक परदेशी साधुपुरुष, आणि समोर कृतज्ञ प्रजा. या चित्रात देणाऱ्यांना नावे आहेत, घेणाऱ्यांना नाहीत. प्रजा हा एकवचनी शब्द तेथे सुखाने नांदतो. त्या एकवचनात महारवाडा, मांगवाडा आणि गाव हे तिन्ही एकत्र कोंबले गेले आहेत, हे लक्षातही येत नाही.

२. चीनमधील एक दाखला

सिंहासनावरून खाली उतरणाऱ्या सुधारणेचे शास्त्र समजून घ्यायचे तर औंधच्या चाळीस वर्षे आधीचा चीनमधील एक प्रसंग उपयोगी पडतो. तो आमच्या वाचकांना आणखी एका कारणाने जवळचा वाटेल : त्यातील एक प्रमुख पुरुष बौद्ध धम्माचा अभ्यासक होता.

जून १८९८ मध्ये चीनचा तरुण सम्राट क्वांगशू याने कांग युवेई या विद्वानाच्या सल्ल्याने सुधारणांच्या राजाज्ञांचा सपाटा लावला. परीक्षांतील जुन्या ठराविक साच्याचे निबंध रद्द करावेत, मंदिरांच्या वास्तूंमध्ये शाळा काढाव्यात, निरुपयोगी पदे मोडावीत, कनिष्ठ अधिकाऱ्यांनाही थेट अर्ज करता यावा, अशा या आज्ञा होत्या. १०३ दिवसांनी, २१ सप्टेंबरला, राजमाता त्सशी हिने सत्ता हाती घेतली, सम्राटाला नजरकैदेत टाकले आणि बहुतेक आज्ञा मागे घेतल्या. पेकिंगचे नवे विद्यापीठ तेवढे वाचले. कांग युवेई निसटला. त्याचा सहकारी तान सितोंग याला निसटणे शक्य होते; पण त्याने पळण्यास नकार दिला. सुधारणेसाठी रक्त सांडावे लागत असेल तर ते आपल्यापासून सुरू व्हावे, अशी त्याची भूमिका त्याचा मित्र ल्यांग छिछाव याने लिहून ठेवली आहे. २८ सप्टेंबर १८९८ रोजी पाच साथीदारांसह त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्या वेळी त्याचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते.

हा तान सितोंग एका प्रांताधिपतीचा मुलगा. नानजिंग येथे बौद्ध ग्रंथांच्या मुद्रणाचे मोठे कार्य उभारणाऱ्या यांग वेनहुई या उपासकाजवळ त्याने धम्माचे अध्ययन केले. हेच यांग वेनहुई १८९३ साली शांघाय येथे अनागारिक धर्मपालांना भेटले होते. तानने 'रेन-शुए' म्हणजे मानव्यविचार या नावाचा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतरच छापला गेला. चिनी समाजाची इमारत ज्या तीन बंधांवर उभी होती, म्हणजे राजा आणि प्रजा, पिता आणि पुत्र, पती आणि पत्नी, त्या तिन्हींवर त्याने या ग्रंथात घाव घातला. परंपरेने सांगितलेल्या पाच मानवी नात्यांपैकी टिकवण्यासारखे नाते त्याला एकच दिसले : मित्राचे. कारण तेवढ्याच नात्यात कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही. तेवढेच नाते माणूस स्वतः निवडतो.

या ठिकाणी कांग आणि तान यांच्यातील भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कांग युवेई पुढे काही काळ दार्जिलिंगला येऊन राहिला. महाएकतेची कल्पना मांडणाऱ्या त्याच्या ग्रंथाला त्या मुक्कामात आकार आला, आणि भारतातील जातिव्यवस्थेचा धिक्कारही त्यात आहे. जगातील सर्व सीमा मोडाव्यात असे तो म्हणतो. पण त्याच ग्रंथात काळ्या वर्णाच्या लोकांना स्थलांतराने व मिश्रविवाहांनी हळूहळू नाहीसे करून सर्व मानवजात गोरी करावी, अशीही योजना आहे. समतेच्या नावाखाली दुबळ्याला मिटवून टाकणारी ही एकता आहे. आणि राजाविषयी म्हणाल तर कांग अखेरपर्यंत सम्राटभक्तच राहिला. साम्राज्य कोसळल्यावरही १९१७ मध्ये बालसम्राटाला पुन्हा गादीवर बसवण्याच्या खटपटीत तो सामील होता. वरच्या माणसाने खालच्यांचे भले करावे, यापलीकडे त्याचा राजकीय विचार गेला नाही. तान मात्र वर आणि खाली हे नातेच नाकारण्यापर्यंत गेला. त्याचीही शोकांतिका अशी की प्रत्यक्ष कृतीच्या वेळी त्याला सम्राटाच्या आज्ञेवाचून दुसरे साधन नव्हते. ज्या कोट्यवधी शेतकऱ्यांसाठी सुधारणा होत्या त्यांना राजवाड्यात काय चालले आहे याची गंधवार्ताही नव्हती. म्हणून आज्ञा मागे घेतल्या गेल्या तेव्हा त्या राखायला कोणी पुढे आले नाही.

या इतिहासातून आम्ही दोन कसोट्या उचलतो. वरून आलेल्या सुधारणेने माणसामाणसांमधले कोणते जुने बंधन सोडवले, ही पहिली. आणि ज्यांच्यासाठी ती आली त्यांच्या हाती ती राखण्याचे कोणते साधन दिले, ही दुसरी. दात्याचे मन किती मोठे होते, हा प्रश्न या दोन्हींच्या नंतरचा आहे.

३. गाव म्हणजे कोण?

या कसोट्या औंधला लावून पाहू. राजा आणि प्रजा यांमधील बंधन औंधच्या घटनेने निःसंशय सैल केले. राजाने आपला अधिकार सोडून तो गावाला दिला. संस्थानी हिंदुस्थानात ही गोष्ट अपूर्व होती, आणि आम्ही तिचे श्रेय नाकारीत नाही. पण अधिकार गावाला दिला म्हणजे कोणाला दिला? मायबाप राजा बाजूला झाला तेव्हा त्याच्या जागी मायबाप पाटील बसला नाही, याची तरतूद काय होती?

या प्रश्नावर बाबासाहेबांचे चिंतन औंधच्या घटनेच्या पूर्वीच मराठी मुलखासमोर आलेले होते. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बोलताना त्यांनी ते कडाडून विरोधिले. जातींनी चिरफाळलेल्या गावात न्यायाचे आणि कारभाराचे अधिकार पंचायतीला देणे म्हणजे दुबळ्यांना बलवानांच्या स्वाधीन करणे होय. अस्पृश्यांना पंचायतीत त्यांचे स्वतःचे प्रतिनिधित्व राखून ठेवल्यावाचून हे अधिकार देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. नुसत्या प्रौढ मताधिकारानेही हे संरक्षण पुरेसे मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. कारण प्रत्येक गावात अस्पृश्य अल्पसंख्य आहेत. पाच जणांच्या पंचायतीत जो मूठभर आहे तो तालुक्याच्या सभेत पोचणार कसा, आणि तालुक्यातून विधिमंडळात कसा? गावापासून वर चढत जाणाऱ्या अप्रत्यक्ष निवडणुकीत बहुसंख्येची चाळणी एकदा नव्हे, पायरीपायरीला लागते. खेड्यातील प्रत्येक महारवाड्याची मते एकत्र आली तर ती एक शक्ती होते. गावोगाव विखुरली की ती शून्य होतात. गावाला राज्याचे मूळ एकक मानणाऱ्या कोणत्याही घटनेत हा दोष अंगभूत आहे, मग तिचा कर्ता कितीही सदिच्छ असो.

दुसरी गोष्ट मताधिकाराची. औंधच्या घटनेत मताधिकाराला साक्षरतेची अट जोडावी, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यामागे हेतू चांगला होता. लोक मतासाठी तरी लिहावाचायला शिकतील, अशी अपेक्षा होती. पण ज्याला पिढ्यानपिढ्या अक्षरापासून बंदी होती त्याला अक्षर येत नाही म्हणून मताचीही बंदी, हा न्याय कसा? बाबासाहेबांनी सायमन कमिशनच्या वेळी प्रौढ स्त्रीपुरुषांना सरसकट मताधिकार मागितला होता. १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी साक्षरतेच्या अटीचा समाचारही घेतला. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध, ही एक चूक. आणि साक्षर म्हणजे अधिक शहाणा, ही दुसरी. अशा दोन चुका ही अट घालणारे करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा अहवाल औंधच्या घटनेच्या दहा वर्षे आधीचा आहे. म्हणजे प्रश्न कोणाला सुचला नव्हता, असे नाही. तो सुचला होता, मराठी मुलखातच सुचला होता, आणि छापूनही आला होता. राज्यघटनेच्या सल्ल्यासाठी औंधहून निघालेला रस्ता मात्र सेवाग्रामला गेला. दादरच्या 'राजगृहा'कडे वळला नाही.

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी भारताच्या घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना खेड्याला घटनेचे एकक न मानता व्यक्तीला एकक मानल्याबद्दल बाबासाहेबांनी समाधान व्यक्त केले आणि खेड्याविषयीच्या भाबड्या कल्पनांवर कठोर टीका केली. त्या भाषणाकडे गांधीविचाराशी झालेला शाब्दिक खटका म्हणून पाहिले जाते. आम्हाला मात्र त्यात मसूरच्या गाडीवानाची आणि तहानलेल्या रात्रीची स्मृती ऐकू येते.

४. आटपाडीची साक्ष

येथवरचा आमचा युक्तिवाद तत्त्वाचा झाला. कोणी म्हणेल, औंधच्या गावांत महारवाड्याची स्थिती खरोखर कशी होती, हे तुम्ही कशावरून सांगता? सुदैवाने त्या मुलखातून एक साक्षीदार उभा राहिला आहे. औंधच्या प्रयोगावर बोलणाऱ्या प्रत्येकाने त्याची जबानी वाचावी, असे आमचे मागणे आहे. हा साक्षीदार म्हणजे शंकरराव खरात, आणि त्यांची जबानी म्हणजे १९८१ साली प्रसिद्ध झालेले 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र.

खरातांचा जन्म ११ जुलै १९२१ रोजी आटपाडीचा. आटपाडी हा औंध संस्थानाचा भाग. म्हणजे त्यांचे बालपण आणि किशोरवय ज्या राज्यात गेले ते भवानरावांचेच राज्य होते. त्यांचे वडील गावचे तराळ. तराळ म्हणजे काय, हे नव्या वाचकांना सांगावे लागेल. वतनदार महारांपैकी ज्याची पाळी असेल त्याने गावकीची सगळी कामे करायची : सरकारी सांगावे पोचवायचे, पाटील-तलाठ्यामागे धावायचे, आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवायची, मेलेली जनावरे ओढायची, रात्रीबेरात्री राखण करायची. मोबदला काय, तर बलुत्याचे दाणे आणि दारोदार मागितलेली भाकरी. या कामाला ना वेळ ना हद्द. ज्याला कोणी हात लावणार नाही ते तराळाने करायचे, एवढाच त्याचा नियम.

आत्मचरित्रातील एक प्रसंग मराठी वाचक सहसा विसरत नाही. विहिरीत एक प्रेत तरंगताना आढळते. ते राखण्याची जबाबदारी तराळकीवर असलेल्या वडिलांवर येते. आणि पुढे पोलिसांचा हुकूम सुटतो की त्यांनीच विहिरीत उतरून प्रेत बाहेर काढावे. विहिरीत साप आहे. काठावर लहान मुलगा उभा आहे. गाव आहे, अंमलदार आहे, मृताची माणसे आहेत. पण आत उतरायचे ते एकट्याने. खरात हा प्रसंग आकांत न करता सांगतात, आणि म्हणूनच तो वाचकाच्या मनात रुतून बसतो. समीक्षक या प्रकरणातील वर्णनशक्तीची वाखाणणी करतात. आम्ही त्यात एक राजकीय दस्तऐवजही पाहतो. त्या विहिरीच्या काठावर राजा नाही, इंग्रज नाही. तेथे गाव आहे आणि गावाच्या पाठीशी उभी असलेली सत्ता आहे. पुढे ज्या गावाला स्वराज्य मिळणार होते, ते हेच गाव.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच नोंदवतो. हा प्रसंग लेखकाच्या बालपणीचा, म्हणजे १९३९ च्या घटनेपूर्वीचा. त्याचा दोष घटनेला कसा द्यावा? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही तसा दोष देतही नाही. आमचे म्हणणे इतकेच की घटना करताना समोर असलेले गाव हे असे होते. ज्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार नाही तो त्याच गावात पंच निवडायला किती मोकळा असेल? गावकीचे बंधन ज्याच्या गळ्यात आहे त्याचे मत त्याच्या हातात कसे राहील? आटपाडीनजीक स्वतंत्रपूरला गुन्हेगार ठरलेल्या माणसांच्या बेड्या काढून, पहाऱ्यावाचून त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. हा प्रयोग उदात्त होता. परंतु काहीही गुन्हा नसताना जन्मानेच जो वतनाच्या बेडीत अडकला होता, त्या शेजारच्या तराळाची बेडी हा त्याहून जुना आणि त्याहून मोठा प्रश्न होता. स्वतंत्रपूरवर चित्रपट निघाला. तराळाला आपली कथा स्वतःच लिहावी लागली, आणि तीही चार दशकांनंतर.

मात्र खरातांच्या जबानीची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा तराळाचा मुलगा शिकला तो आटपाडीला आणि पुढे औंधला, म्हणजे त्याच संस्थानच्या शाळांत. नंतर पुणे, वकिली, बाबासाहेबांच्या चळवळीतील कार्य, 'प्रबुद्ध भारत'चे संपादन, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद असा त्यांचा प्रवास झाला. १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३५ च्या इंदूर संमेलनाचा अध्यक्ष औंधचा राजा. १९८४ च्या जळगाव संमेलनाचा अध्यक्ष त्याच राजाच्या मुलखातील तराळाचा मुलगा. या दोन घटनांमधले एकोणपन्नास वर्षांचे अंतर ज्या शक्तीने कापले ती शक्ती पंचायतींच्या रचनेत नव्हती. ती अक्षरात होती, आणि त्या अक्षराला स्वाभिमानाची दिशा देणाऱ्या आंबेडकरी चळवळीत होती. औंधच्या राजाचे खरे दान कोणते, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही घटनेकडे बोट दाखवणार नाही. आम्ही त्या शाळेच्या बाकाकडे बोट दाखवू, जेथे बसलेल्या मुलाने पुढे त्याच राज्यातील गावाचे वाभाडे काढले. ज्या सुधारणेचा लाभार्थी सुधारकाचा टीकाकार होऊ शकतो, तीच सुधारणा खरी. चरित्रकारांच्या गौरवापेक्षा ही टीका राजाला अधिक शोभते.

५. शेजारच्या संस्थानाचा धडा

मिरजेहून दुसरा एक लोहमार्ग कोल्हापूरला जातो. तो १८९१ मध्ये सुरू झाला. त्या मार्गाच्या टोकाच्या संस्थानातही एक राजा होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी प्रजेला घटना दिली नाही. त्या अर्थाने ते औंधकरांच्या मागेच होते. पण त्यांचे हुकूम एकवचनी प्रजेला उद्देशून नव्हते. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम मागासलेल्या वर्गांचे नाव घेऊन निघाला. १९१८ मध्ये त्यांनी महार वतन मोडले. म्हणजे विहिरीत उतरायला लावणाऱ्या बंधनाच्या मुळाशीच हात घातला. उर्वरित मुंबई इलाख्यात याच वतनासाठी बाबासाहेबांना १९२८ पासून कायदेमंडळात झगडावे लागले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहूंनी जे केले ते तर कोणत्याही राजाज्ञेपेक्षा मोठे होते. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे जमलेल्या बहिष्कृतांना सांगून त्यांनी उद्धारकर्त्याच्या भूमिकेवर स्वतःच पडदा टाकला. तान सितोंगने ग्रंथात नाकारलेले राजा-प्रजेचे नाते शाहूंनी त्या मांडवात मित्रत्वाच्या नात्यात बदलले, असे आम्ही म्हणतो. त्यांनाही दलितोद्धारक ही पदवी चिकटवणारे चरित्रकार या घटनेचा अर्थ हरवून बसतात.

आता दोन्ही कसोट्या पुन्हा लावून पाहाव्यात. चीनच्या सम्राटाने बंधने मोडायला घेतली, पण राखणदार निर्माण केला नाही. १०३ दिवसांत सारे विझले. औंधच्या राजाने राजा-प्रजेचे बंधन सोडले, पण गावाच्या आतील बंधनाला त्याच्या घटनेची रचना पुरी पडली नाही. नऊ वर्षांनी संस्थानाबरोबर ती इतिहासजमा झाली. शाहूंच्या हुकमांचे संस्थानही गेले. पण त्यांनी ज्यांच्या हाती निशाण दिले ते हात राहिले.

६. समारोप

तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेतले नाही, ते मार्गदाता राहिले, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून सांगितले आहे. हे वचन आपण विहारात ऐकतो आणि ते अध्यात्माचे आहे असे समजून पुढे जातो. ते राजकारणाचेही आहे. दाता कितीही थोर असला तरी दानाने मिळालेल्या समतेत घेणाऱ्याची मान थोडी खालीच राहते. मैत्रीत कोणी खाली नसतो. भिक्खूसंघाच्या कार्यपद्धतीत लोकशाहीची बीजे होती, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले ते याच अर्थाने. संघात प्रवेश करताना जात आणि कूळ मागे राहत असे. आधी तेथे समता, मग तेथे मत. गाव जसे आहे तसे ठेवून त्यावर मतपेटी मांडली, तर मतपेटीलाच गावाचा रंग चढतो.

म्हणून आमची सूचना अशी की आपल्या अभ्यासवर्गांतून औंधच्या प्रयोगावरील पुस्तके जरूर वाचली जावीत. पण ती एकटी वाचली जाऊ नयेत. त्यांच्या शेजारी 'तराळ-अंतराळ' उघडून ठेवावे. एका पुस्तकात राजवाड्याच्या सज्जातून दिसणारे गाव आहे, दुसऱ्यात विहिरीच्या काठावरून दिसणारे. शंकरराव खरात २००१ साली निवर्तले. त्यांची साक्ष आता पुरी झाली आहे, आणि ती उलटतपासणीत टिकणारी आहे. मिरजेहून रहिमतपूरला जाणाऱ्या आमच्या तरुण वाचकाने औंधचे वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. त्या राजाची रसिकता पाहून मन प्रसन्न होते. मात्र त्याआधीचे मसूर स्थानक येईल तेव्हा खिडकीतून बाहेर पाहावे, आणि १९०१ साली तेथे ताटकळत उभ्या राहिलेल्या मुलांना ओळखावे. त्यांतील एकाने पुढे साऱ्या देशासाठी जी राज्यघटना घडवली, तिचे एकक गाव नाही, माणूस आहे.